डाव्या पायाची पट्टी

यादी दर शनिवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी फोनवर यायची. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारीही ती त्याच मिनिटाला आली. नलिनी काळमेघने चहाचा कप बाजूला ठेवला, बोटाने यादी वर सरकवली आणि शंभराचा आकडा उलटल्यावर वेग कमी केला. एकशे अठरावा क्रमांक : नलिनी काळमेघ, ४१ मिनिटे १२ सेकंद. एकशे एकोणिसावा क्रमांक : दिगंबर तायडे, ४१ मिनिटे १२ सेकंद, सलग शनिवार ३१३.

दोन नावं, एकाखाली एक. तिने ती दोनदा वाचली, फोन पालथा ठेवला आणि चहा संपवला.

दिगंबर तायडे त्या सकाळी अमरावतीत नव्हते. गेल्या सव्वीस शनिवारांपैकी एकाही शनिवारी नव्हते. ते पुण्याला लेकीकडे होते आणि त्यांची वेळ नोंदवणारी पट्टी नलिनीच्या डाव्या पायात होती.

‘शनिवारचे पाच’ हा उपक्रम छत्री तलावावर बारा वर्षांपासून चालू होता. सकाळी साडेसहाला तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, निघायचं, पोहऱ्याच्या रस्त्याने अडीच किलोमीटर जायचं, तिथल्या पिवळ्या खांबाला वळसा घालून परत यायचं. प्रवेश कुणालाही, बक्षीस कुणालाच नाही. कोण पहिलं आलं याची फारशी चौकशी होत नसे. लोक दोनच गोष्टी पाहायचे : आज किती वेळ लागला आणि सलग किती शनिवार झाले. एक शनिवार चुकला की हा दुसरा आकडा शून्यावर येई. तापात, पावसात, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी माणसं पाच किलोमीटर पुरी करून जात, ती या आकड्यासाठी.

तायडे एस.टी.च्या कार्यशाळेतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. वय एकसष्ट, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. नलिनी सत्तावन्न वर्षांची. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक, लग्न केलं नव्हतं, आई पाच वर्षांपूर्वी गेली, राजापेठेत दोन खोल्यांचं घर. दोघांचाही वेग सारखा, म्हणजे सारखाच कमी. त्यामुळे कुणी न ठरवता सहा वर्षं ते शेजारी-शेजारी धावत आले होते. आठवड्यातून एकदा, एक्केचाळीस ते त्रेचाळीस मिनिटं. तायडे बोलायचे, ती ऐकायची.

“बाई, तुमी धावून राहिल्या का कोणाचा पत्ता शोधून राहिल्या?” ती मागे पडली की ते ओरडायचे.

“तुम्ही व्हा पुढे, तायडेभाऊ.”

“पुढे जाऊन काय करू जी? तिथं कोणी ओळखीचं नाही.”

पळून झालं की ते सायकल काढत आणि निघून जात. तिच्या घरी ते कधी आले नव्हते, ती त्यांच्या घरी गेली नव्हती. आठवड्याचे उरलेले सहा दिवस दोघं एकमेकांसाठी नव्हते.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी त्यांनी सांगितलं की पुण्याच्या लेकीला, प्राजक्ताला, दिवस पुरे व्हायच्या आत मुलगा झालाय, बाळ काचेच्या पेटीत आहे, आजच्या गाडीने जातो. “मोडलं बाई आपलं,” ते हसून म्हणाले. “दोनशे सत्त्याऐंशीवर मोडलं. तेरा राहिले होते तीनशेले.” मग सायकलच्या सीटवरून विनाकारण हात फिरवला.

पुढच्या शनिवारी पाळीवर उभं असताना नलिनीने पट्ट्यांचा डबा उघडला, त्यांची अठ्ठ्याऐंशी नंबरची पट्टी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि डाव्या घोट्यावर बांधली.

*

पट्ट्या तीन वर्षांपूर्वी आल्या होत्या. नागपूरच्या चाल निदान केंद्राने त्या विदर्भातल्या अशा एकवीस उपक्रमांना मोफत दिल्या. धावणाऱ्यांना वेळ अचूक मिळे, कागदी टोकन सांभाळायची कटकट गेली. केंद्राला हवं होतं ते वेगळं होतं.

माणूस चालतो किंवा धावतो तेव्हा दोन पावलांमधला वेळ कधीच तंतोतंत सारखा नसतो. सेकंदाच्या काही हजारांश भागाने तो मागेपुढे होत राहतो. पूर्वी ही निव्वळ गडबड समजली जाई. नंतर लक्षात आलं की निरोगी माणसात या गडबडीलाही शिस्त असते. आत्ताच्या पावलाचा आधीच्या पन्नास, शंभर, दोनशे पावलांशी संबंध असतो, जणू पाय आपण कसे आलो ते विसरत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी मरू लागल्या की हा संबंध विरळ होत जातो. हात थरथरायला लागण्याच्या सहा-सात वर्षं आधी, माणसाला स्वतःला काहीही जाणवत नसताना, त्याचं एकेक पाऊल सुटं पडायला लागतं. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सनची, ही पहिली खूण.

अडचण अशी की प्रत्येकाची शिस्त वेगळी. दुसऱ्याशी तुलना करून काही कळत नाही, माणसाची तुलना त्याच्याच कालच्या पावलांशी करावी लागते. त्यासाठी तोच माणूस, तोच रस्ता, तेच अंतर, दर आठवड्याला हवं. प्रयोगशाळेत हे जमलं नसतं. हौशी धावणारे ते फुकट करत होते.

आणि लवकर कळण्याला आता अर्थ होता. सहा इंजेक्शनांचा उपचार निघाला होता. मेलेल्या पेशी त्याने परत येत नसत, पण उरलेल्या टिकत. वेळेवर सापडलेला माणूस आयुष्यभर आहे तसा राही.

या पट्ट्यांची निगा नलिनीकडे होती. एकशे चाळीस पट्ट्या ती घरी नेई, पुसून लाकडी स्टँडवर क्रमाने लावी, चार्ज करी, शुक्रवारी संध्याकाळी डब्यात भरी. पट्टी उजव्या घोट्यावरच बांधायची, अदलाबदल करायची नाही, ही सूचना डब्याच्या झाकणावर तिच्याच अक्षरात होती.

*

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तायड्यांचे तीनशे झाले. या दिवसाचा तिने विचारच केला नव्हता.

उपक्रमाचे संयोजक शैलेश बोबडे, एका बँकेत शाखाधिकारी, हातात कर्णा घेऊन पाळीवर उभे राहिले. “आज आपल्या एका सदस्याचे सलग तीनशे शनिवार झालेत! दिगंबर तायडे! कुठायत तायडे?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या, इकडेतिकडे पाहिलं.

“आत्ता तर होते,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मी पाहिलं त्यांना, वळणावर,” दुसरा एक जण खात्रीने म्हणाला.

शैलेशचं लक्ष नलिनीकडे गेलं. “बाई, तुमच्याबरोबरच असतात ना ते?”

“ते निघून गेले,” नलिनी म्हणाली. “घाई होती.”

“तीनशेच्या दिवशी? कमालच आहे या माणसाची!” लोक हसले. शैलेशने तीनशेचा टी-शर्ट तिच्या हातात दिला, तायड्यांना द्या म्हणाला आणि पुढच्या सूचनांकडे वळला.

घरी येताना ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. तेरा शनिवार झाले, आणि एकशे चाळीस माणसांत तायडे नाहीत हे एकालाही कळलं नव्हतं. ती खोटं बोलली त्याची भीती तिला वाटली नाही. आपण तेरा शनिवार आलो नसतो तर कुणाच्या लक्षात आलं असतं, हे ती मोजू लागली आणि एकावर येऊन थांबली. तो एक पुण्याला होता.

तीनशे झाले होते, थांबायला हरकत नव्हती. पुढच्या शनिवारी तिने पुन्हा दोन्ही पट्ट्या बांधल्या.

*

डिसेंबरमधल्या त्या यादीनंतर चार दिवसांनी, बुधवारी दुपारी, प्रयोगशाळेत फोन वाजला.

“बाई, तायडे बोलतो.”

“बोला तायडेभाऊ. नातू कसा आहे?”

“नातू झकास. मीच बिघडलो म्हणते.”

“कोण म्हणतं?”

“ते तुमचं पट्टीवालं केंद्र. फोनवर चिठ्ठी आली, प्राजक्तानं वाचून दाखवली. कंपवाताची सुरुवात दिसून राहिली म्हणते, आपल्या नोंदीवरून.” ते हसले, पण हसू पुरतं निघालं नाही. “मी म्हटलं पोरीले, मी तर सहा महिन्यांपासून पाळण्याभोवतीच फिरून राहिलो, यायले माही चाल दिसली कुठून? तर म्हणे, बाबा, आधीच्या धावण्यावरून काढलं असन.”

नलिनीने हातातला मीटर टेबलावर ठेवला. चिठ्ठी कुठून आली होती ते तिला कळलं होतं. दुसऱ्याचे पाय त्यांच्या नावावर चढवले होते, यंत्र गोंधळलं होतं.

“बाई? आहात का?”

“आहे.”

“तुमाले काय वाटते? तुमी तर यंत्रातल्या माणूस.”

सांगायचं होतं ते दोन वाक्यांचं होतं. ती म्हणाली, “एकदा दाखवून घ्या.”

“हो ना. दाखवतो.” मग म्हणाले, “माहा बाप गेला तवा त्याचे हात असेच हालत होते. म्हातारपणाचं आहे असं म्हणत होतो आमी.”

फोन ठेवल्यावर तिने हिशेब मांडला. ते निरोगी आहेत. तपासणीत काही निघणार नाही. केंद्र म्हणेल, चूक झाली, आणि विषय संपेल. सांगितलं तर नोंदी पुसल्या जातील, उपक्रमातून नाव जाईल आणि तायडे परत आले तरी तिच्याशेजारी धावणार नाहीत. न सांगता सगळं आपोआप सुटत असेल तर का सांगायचं?

त्या शनिवारी तिने अठ्ठ्याऐंशी नंबरची पट्टी डब्यातच ठेवली. नऊ वाजून पाच मिनिटांनी यादी आली. तिच्या नावाखाली कुणी ओंकार सरोदे होता. ती त्याला ओळखत नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी तायड्यांचा पुन्हा फोन आला. आवाज बदललेला होता, हळू झाला होता.

“शुक्रवारची तारीख दिली बाई, इथल्या पुण्याच्या दवाखान्यानं. पाठीतून पाणी काढते म्हणे. त्यात नाही सापडलं तरी पट्टीवर भरोसा ठेवते, कारण इतक्या लवकर पाण्यात उतरतच नाही ते. म्हणून त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन देऊन टाकते.”

“त्याच दिवशी?”

“नंबर लागत नाही लोकांचा, आपला लागला. प्राजक्ता खूश आहे.”

नलिनीने त्या दुपारी केंद्राची माहितीपुस्तिका काढली. ती तिने तीन वर्षांपूर्वी वाचून प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवली होती. सोळाव्या पानावर, दुष्परिणामांच्या परिच्छेदात, शेवटून दुसरं वाक्य होतं : आजार नसलेल्या व्यक्तीस हे औषध दिल्यास निरोगी पेशींची हानी संभवते.

मंगळवारी तिने रजा टाकली आणि सकाळची नागपूरची बस पकडली.

*

केंद्रातल्या डॉक्टर रुबिना काझी पन्नाशीच्या होत्या. त्यांनी नलिनीचं सगळं म्हणणं मध्ये न बोलता ऐकलं, मग टेबलावरच्या फोनवरून पुण्याला एक निरोप दिला : दिगंबर तायडे, शुक्रवारची प्रक्रिया थांबवा, नोंद दुसऱ्या व्यक्तीची आहे. त्याला चाळीस सेकंद लागले. नलिनीला वाटलं, आता उठावं.

“बसा,” डॉक्टर म्हणाल्या. “तायड्यांना हे माहीत होतं?”

“नाही.”

“मग तुम्ही का केलंत?”

“त्यांचे तीनशे व्हायला तेरा शनिवार राहिले होते.”

“तेरा. पण नोंदी सव्वीस आहेत.”

डॉक्टरांनी उत्तरासाठी थांबून पाहिलं, मग तो प्रश्न सोडून दिला आणि पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर ठिपक्यांची एक लांब रेघ होती.

“ही अठ्ठ्याऐंशी नंबरची पट्टी. इथपर्यंत तायडे, जूनपर्यंत. इथून तुम्ही. बघा, इथे एकदम पायरी आहे.”

“म्हणजे माणूस बदलला ते यंत्राला कळलं.”

“पायरी कळली. पण बूट बदलले, गुडघा धरला, तरी अशी पायरी येते. म्हणून यंत्र पायरीवर काही बोलत नाही, तिथून नवी मोजणी धरतं. चिठ्ठी पायरीमुळे गेलेली नाही.” त्यांनी पेनचं टोक पडद्यावर टेकवलं आणि हळूहळू उजवीकडे, खाली नेलं. “ती या उतारामुळे गेली.”

सव्वीस ठिपके. पहिला वर, शेवटचा बराच खाली. मध्ये कुठेही उडी नाही, घाई नाही.

“दोन माणसांमधला फरक असता तर पायरी पडून पुढे रेघ सपाट राहिली असती. उतार एकाच माणसाचा असतो, काळझेबाई.”

“काळमेघ.”

“माफ करा. काळमेघ.”

नलिनीने पडद्यावरची नजर काढली नाही. “माझी स्वतःची पट्टी आहे. तीन वर्षांची. त्यात कधी काही आलं नाही.”

“ती कोणत्या पायात बांधता?”

“उजव्या. नियमच आहे तसा.”

“नियम आम्हीच केला. सगळ्यांच्या नोंदी एकसारख्या याव्यात म्हणून.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हा आजार बहुतेकदा एका बाजूने सुरू होतो. दुसरी बाजू वर्ष-दोन वर्षं ठीक दिसते. उशिराने का होईना उजव्या पायात उतरेल, तेव्हा पकडू, असा आमचा अंदाज होता. दोन्ही पायांना पट्टी बांधून धावणारं आमच्या तीन हजार माणसांत कुणी नव्हतं. तुम्ही एकट्या निघालात.”

दुपारी त्यांनी तिच्या अंगाला सहा पट्ट्या बांधून तिला लांब व्हरांड्यात अर्धा तास चालवलं. मग अर्धा तास ट्रेडमिलवर धावायला लावलं. साडेचार वाजता निकाल आला. डावा पाय, डावा हात, सुरुवातीची अवस्था. उपचारासाठी वेळ योग्य होती. वर्षभराने आली असती तर उशीर झाला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि हे दिलासा देण्यासाठी सांगत नाही, खरंच तसं आहे, असंही सांगितलं.

परतीच्या बसमध्ये नलिनी डाव्या हाताच्या पंजाकडे पाहत बसली. तो अगदी स्थिर होता.

*

तायड्यांना तिने बुधवारी सकाळी फोन केला. स्वतःच्या आजाराचं सांगायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं. ते सांगितलं असतं तर माफी मागणं सोपं झालं असतं.

त्यांनी सगळं ऐकलं. मागे बाळाचं रडणं आणि कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“म्हणजे मले काहीच नाही.”

“नाही.”

“आणि हे तुमाले त्याच दिवशी माहीत होतं. मी फोन केला त्या दिवशी.”

“हो.”

“एकवीस दिवस झाले, बाई.” ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. “एकवीस दिवस मी ग्लास उचलला का हात पाहून राहिलो. पोराले उचलणं सोडलं मी. म्हटलं, हातातून पडन. प्राजक्ता द्यायची, मी म्हणायचो, नको, पाठ दुखते.”

“चुकलं माझं.”

“घर सोडलं मी तिथलं. गेल्या रविवारी जावई येऊन सामान घेऊन गेला टेम्पोत. मालकाले किल्ली देऊन टाकली. मी म्हटलं, कंप सुटला तर अमरावतीत कोण पाहीन मले? आता इथं गॅलरीत पडलं आहे सगळं. पोरीनं खोली रंगवली माह्यासाठी. आता काय सांगू तिले, की परत जातो?”

नलिनीने फोन दुसऱ्या कानाला धरला.

“काहून केलं हे?”

“तुमचे तीनशे व्हावेत म्हणून.”

“कोणाचे तीनशे?” आता आवाज चढला. “माहे दोनशे सत्त्याऐंशी होते. ते माहे होते. मोडले तर मोडले, पण मी धावलो होतो ते. आता ते केंद्रवाले म्हणतीन सगळंच खोटं.” थांबून ते म्हणाले, “एकदा विचारायचं तरी होतं.”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं.”

फोन बंद झाला.

शनिवारी संध्याकाळी शैलेश बोबडे डबा न्यायला आले. खुर्चीवर टेकले नाहीत. जूनपासूनच्या दोघांच्या नोंदी काढून टाकल्याचं त्यांनी सांगितलं. तिला एक वर्ष भाग घेता येणार नव्हता. तायड्यांचे दोनशे सत्त्याऐंशी कायम ठेवले होते; तसं व्हावं म्हणून तिने त्यांना पत्र लिहिलं होतं.

“झाकणावरची सूचना तुमचीच आहे, बाई,” ते म्हणाले. स्टँडवरच्या पट्ट्या मोजताना मध्येच थांबले. “तीनशेच्या दिवशी मी कर्ण्यावरून नाव पुकारलं. आम्हाला एकालाही कसं कळलं नाही?”

नलिनीने उरलेल्या पट्ट्या त्यांच्या हातात दिल्या. एकशे चाळीस भरल्या.

*

केंद्राचा फॉर्म चार पानी होता. तिसऱ्या पानावर सहा इंजेक्शनांच्या सहा तारखा छापलेल्या होत्या, फेब्रुवारी ते जुलै. प्रत्येक तारखेपुढे एक रकाना : सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव व फोन. इंजेक्शन पाठीच्या कण्यात द्यायचं. त्यानंतर चोवीस तास तोल राहत नाही, माणूस उठताना पडतो. सोबत कुणी असल्याशिवाय ते देत नाहीत. केंद्राकडे खाटा नव्हत्या.

“नातेवाईकच हवेत असं नाही,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या होत्या. “शेजारी, मैत्रीण, कुणीही चालेल. सहाही वेळा एकच माणूस नसला तरी चालेल.”

नलिनीने फॉर्म घरी आणला. पहिली दोन पानं वीस मिनिटांत भरून झाली. तिसरं पान आठ दिवस तसंच राहिलं. चुलतभाऊ सुरतला होता, त्याच्याशी शेवटचं बोलणं आईच्या तेराव्याला झालं होतं. महाविद्यालयातले लोक प्रयोगाच्या साहित्याबद्दल बोलत. शेजारी बदलले होते. एकशे चाळीस माणसांच्या घोट्यांची मापं तिला तोंडपाठ होती. त्यातल्या चौघांचे फोन नंबर तिच्याकडे होते.

सहा महिने ती एका माणसाची पट्टी बांधून धावली होती, कारण त्यासाठी त्या माणसाला काही विचारावं लागत नव्हतं. हे तिला त्या कोऱ्या रकान्यांसमोर बसल्यावर नीट दिसलं.

फॉर्म द्यायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, तिने पुण्याला फोन लावला. तो उचलला जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

“बोला,” तायडे म्हणाले.

“तो उतार माझा होता.”

“कोणता उतार?”

तिने सांगितलं. डावा पाय, सहा इंजेक्शनं, सगळं. मघाशी जुळवलेली वाक्यं मागेपुढे झाली.

“म्हणजे ते दुखणं तुमचं आहे,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“आणि त्या दिवशी सांगितलं नाही.”

“त्या दिवशी तुमचं बोलायचं होतं.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“मी विचारायला फोन केलाय,” नलिनी म्हणाली. “इंजेक्शनला सोबत कुणीतरी लागतं. एक दिवस आणि एक रात्र. तुम्ही याल का?”

“माह्या मनातून अजून गेलं नाही, बाई.”

“माहीत आहे.”

“मी तिकडं राहत नाही आता. तेही तुमच्याच पायी.”

“हो.”

“पोराचं पाहावं लागते. प्राजक्ता नोकरीवर जाते.” मग त्यांनी विचारलं, “कधी आहे पहिलं?”

“फेब्रुवारीची चौदा.”

“पहिल्याले येतो. एकदाच. पुढचं माह्याच्यानं होणार नाही, आशा धरू नका.”

“नाही धरत.”

“नाव लिहा माहं,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी नागपुरात खिडकीवरच्या बाईंनी तिसरं पान उलटं-सुलटं करून पाहिलं. पहिल्या रकान्यात दिगंबर तायडे, पुणे. खालचे पाच मोकळे.

“हे असं नाही घेता येत हो. सहाही भरलेले लागतात, नाहीतर पहिलंही देत नाहीत. अर्धवट सोडलं तर औषध वाया जातं ना.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाचला खिडकी बंद होते. बसा तिकडे, आठवा कुणीतरी.”

बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. नलिनी बाकावर बसली. मांडीवर फॉर्म, त्याच्यावर फोन. चार नंबरांपैकी पहिला शैलेश बोबडेंचा होता. तिने तो लावला. आठव्या रिंगला त्यांनी उचलला.

“काळमेघबाई? बोला लवकर. बँकेत आहे मी, समोर गर्दी आहे.”

“मला तुमच्याकडे एक मागायचं होतं.”

“नोंदींचं असेल तर तो विषय—”

“नोंदींचं नाही.”

“मग संध्याकाळी करता का?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही समोरची माणसं आटपा. मी थांबते.”

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी सही कुठे करायची ते विचारत होतं, कुणीतरी खुर्ची सरकवली. नलिनीने फोन कानाला तसाच धरून ठेवला, डाव्या हाताने पेनचं टोपण काढलं आणि दुसरा रकाना समोर घेतला.